पत्रावरच्या दोन तारखा : पानिपत आणि बातमीची वाट

१/
जानेवारी १७६१चा उत्तरार्ध. नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघाले आहेत. पानिपतावर अडकून पडलेल्या सदाशिवरावभाऊंना कुमक पोहोचवावी, हा त्यांचा हेतू. वाटेत त्यांच्या लोकांना एक कासीद आढळतो. तो सरकारी नाही, सावकारांच्या पेढीचा आहे. पानिपताहून नऊ दिवसांत औरंगाबाद गाठण्याच्या बोलीवर तो निघालेला आहे. त्याच्याजवळचे पत्र उघडले जाते. आत मोती, मोहरा, चांदी आणि तांबे यांच्या नुकसानीचा हिशेब मांडलेला आहे. पेशवे तो हिशेब वाचतात आणि दोन मोती कोण, हे त्यांना उमगते. एक त्यांचा थोरला मुलगा विश्वासराव, दुसरे चुलतभाऊ सदाशिवराव.

२/
ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवलेला हा प्रसंग आपणांपैकी बहुतेकांनी वाचला असेल. कादंबऱ्यांनी आणि नाटकांनी त्यातील शोक आपल्यापर्यंत पोहोचवला, आणि तो शोक खराच आहे. मला मात्र या प्रसंगातील एक कोरडा प्रश्न कित्येक वर्षे छळत आला आहे. ज्या सत्तेचे वकील दिल्लीपासून दक्षिणेपर्यंत दरबारोदरबारी बसलेले होते, त्या सत्तेच्या प्रमुखाला आपल्या सर्वांत मोठ्या पराभवाची वार्ता परक्या पेढीचे पत्र फोडून का कळावी? त्याचे स्वतःचे जासूद कोठे होते? लष्करी गुप्तवार्ता म्हणजे काय, हे मी या एका प्रश्नाच्या मागे जाता जाता शिकलो. आजचा हा दीर्घ धागा त्याविषयी आहे.

३/
गुप्तहेर हा शब्द उच्चारला की मराठी मनात प्रथम बहिर्जी नाईक उभे राहतात आणि त्यांच्या मागोमाग फकिराचे, गोंधळ्याचे, वासुदेवाचे वेष. जिंजीत लिहिल्या गेलेल्या सभासदाच्या बखरीत बहिर्जी जाधव नाईक यांचा उल्लेख सुरतेच्या संदर्भात जासूद म्हणून येतो. सुरतेत किती द्रव्य आहे, याची माहिती त्यांनी आणली, असा त्याचा आशय. वेषांतराच्या ज्या सुरस कथा आपण बालपणापासून ऐकल्या, त्यांचा बराचसा विस्तार पुढच्या पिढ्यांच्या कथनातून झाला. यामुळे बहिर्जींचे मोठेपण उणावत नाही. उलट, बखरकाराने नेमके काय महत्त्वाचे मानले, ते ध्यानात येते. वेष कोणता होता हे तो सांगत नाही. बातमी कोणती होती आणि ती कोणत्या निर्णयास उपयोगी पडली, हे तो सांगतो.

४/
त्या काळी बातमी वाहणाऱ्यांची केवढी विविधता होती, पाहा. मोगलांच्या राज्यात सुभ्यासुभ्यांत वाकेनवीस असे. तो घडलेल्या गोष्टी उघडपणे लिहून दरबारी धाडी. त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी खुफियानवीस, म्हणजे गुप्तपणे लिहिणारा, निराळा. हरकारे धावत जाऊन पाहून येत आणि तोंडी सांगत. मराठ्यांकडे जासूद, हलकारे, कासीद, सांडणीस्वार होते आणि परदरबारी राहणारे वकील होते. या वकिलांची पत्रे आज वाचली तर कोणता सरदार कोणाच्या डेऱ्यात किती वेळ बसला, कोणाच्या फौजेचा पगार थकला, बाजारात धान्याचा भाव काय आहे, असा मजकूर पानोपानी आढळतो. गुप्तवार्तेचा फार मोठा भाग असा उघड्यावर घडणाऱ्या गोष्टींचा असतो.

५/
आता मूलतत्त्वे. आजच्या सैन्यांत गुप्तवार्तेचे काम एका चक्राप्रमाणे शिकवले जाते आणि ते साध्या मराठीत असे सांगता येईल. पहिले, काय जाणून घ्यायचे ते ठरवणे. दुसरे, माहिती गोळा करणे. तिसरे, तिची छाननी करून खरे-खोटे निवडणे. चौथे, तिचा अर्थ लावणे. पाचवे, तो अर्थ निर्णय घेणाऱ्याच्या हाती वेळेवर पडेल अशी व्यवस्था करणे. आपल्या कथांत केवळ दुसरी पायरी रंगवलेली असते. बाकीच्या चार पायऱ्यांवर वेषांतर नाही, तलवार नाही. म्हणून तेथे कथाही नाही. परंतु लढाया बहुधा त्याच चार पायऱ्यांवर घसरतात, आणि पाचवी पायरी तर सर्वांत निसरडी.

६/
या पाचव्या पायरीकडे माझे लक्ष वेधले ते माझ्या वडिलांनी. ते तारखात्यात होते. घरी तार आली की आम्ही भावंडे मजकुराकडे धावत असू; ते मात्र आधी माथ्यावरची ओळ वाचत. तार कोठून सुटली, केव्हा दिली गेली, आपल्या कचेरीत केव्हा उतरली. मग ते म्हणत, "मजकूर काल दुपारचा आहे, तो आजचा समजून वाचू नका." तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली. पुढे मी राजवाड्यांनी १८९८मध्ये छापलेला 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड उघडला. १७५० ते १७६१ या काळातील पत्रे त्यात आहेत. जुन्या मराठी दप्तरांतील कित्येक पत्रांवर लिहिल्याच्या तारखेखेरीज पैवस्तगीचा, म्हणजे पत्र पोहोचल्याचा, शेरा असतो. अठराव्या शतकातील कारकुनालाही वडिलांची ती ओळ ठाऊक होती.

७/
एका पत्रावर दोन तारखा. या दोहोंमधले अंतर म्हणजे वाचणाऱ्याचे अज्ञान. पत्र लिहिले त्या दिवशी शत्रू अमुक ठिकाणी होता; पत्र पोहोचले त्या दिवशी तो कोठे आहे, हे पत्राला ठाऊक नसते. पुणे ते पानिपत हे अंतर सुमारे दीड हजार किलोमीटरांचे. उत्तम जोडीचे जासूद धावले तरी त्या अंतराने पेशव्यांच्या हातातील प्रत्येक बातमी शिळी करून सोडली होती. म्हणून दूरच्या मोहिमेवर गेलेल्या सेनापतीने जवळच्या बातमीची व्यवस्था स्वतःच उभारायची असते. भाऊंच्या बाबतीत ती जवळची बातमी म्हणजे मुख्यतः एका नदीची बातमी होती.

८/
ती नदी यमुना. १७६०च्या पावसाळ्यात चित्र असे होते. ऑगस्टच्या आरंभी मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि ते यमुनेच्या पश्चिम काठावर आले. अहमदशहा अब्दाली पूर्वेकडे, गंगा-यमुनेच्या दुआबात, रोहिले आणि शुजाउद्दौला यांच्यासह होता. मध्ये नदी दुथडी भरून वाहत होती. भाऊंना पलीकडे जाता येईना, अब्दालीला अलीकडे येता येईना. ज्याला आधी उतार सापडेल, तो दुसऱ्याला हवा तेथे गाठणार. अशा वेळी सेनापतीने विचारायचा प्रश्न एकच असतो: पाणी आज किती आहे आणि शत्रूचे लोक कोणत्या घाटाशी घुटमळत आहेत? ही चक्राची पहिली पायरी.

९/
या नदीने त्याच वर्षी एक धडा दिलेला होता. १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळ बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. हिवाळ्यात नदीचे पाणी उतरले होते, काठावर उंच गवत-लव्हाळ्यांचे रान माजले होते आणि शत्रू त्याच्या आडोशाने अलीकडे उतरला. घाटावर चौक्या होत्या, पण त्या रानात काय हालते आहे, हे वेळेत उमगले नाही. टेहळणी म्हणजे नुसते माणूस उभे करणे नव्हे. तो माणूस कोठवर पाहू शकतो, पाहिलेले कोणाला सांगतो आणि सांगितल्यावर किती वेळात मदत येते, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ती टेहळणी. यांतील एक जरी तुटली, तर चौकी म्हणजे केवळ पहिला बळी.

१०/
ऑक्टोबरात भाऊ दिल्लीहून उत्तरेस गेले आणि १७ ऑक्टोबर १७६०च्या सुमारास त्यांनी कुंजपुरा घेतला. विजय मोठा होता. तेथे अब्दालीसाठी जमवलेले धान्य हाती लागले. दत्ताजींचे शिर कापणारा कुतुबशहा तेथेच मारला गेला. छावणीत दसरा झाला, आणि भाऊ कुरुक्षेत्राच्या वाटेला लागले. इकडे २५ आणि २६ ऑक्टोबरला अब्दाली बागपत येथे यमुना उतरला. प्रवाहात त्याची माणसे वाहून गेली, तरी फौज पार झाली. बागपत दिल्लीच्या उत्तरेस आणि पानिपतच्या दक्षिणेस आहे. म्हणजे भाऊंना वार्ता समजली, तेव्हा शत्रू त्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये उभा होता.

११/
येथे आपण सहज म्हणतो की भाऊ गाफील राहिले. मला हा निवाडा फार सोपा वाटतो. ऑगस्टमध्ये 'यमुना ओलांडता येत नाही' हे वाक्य अक्षरशः सत्य होते. सप्टेंबरातही ते बरेचसे सत्य होते. दसरा उलटल्यावर ते रोज थोडे थोडे खोटे होत गेले, पण त्या वाक्याचे रूप बदलले नाही. बातमी नासते ती दुधासारखी नव्हे, की वास येऊन कळावे. ती आहे तशीच दिसत राहते. गुप्तवार्तेत शत्रूच्या लबाडीइतकाच धोका अशा कालपर्यंत खऱ्या असलेल्या विधानांचा असतो. ती कोणी खोटी ठरवत नाही, कारण ती कोणी पुन्हा तपासत नाही. आणि तपासण्यासाठी माणसे त्या घाटावर असावी लागतात, ती तर विजयाबरोबर उत्तरेस गेलेली असतात.

१२/
काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या आरंभी मी बागपतला यमुनेच्या काठी गेलो होतो. नदी अशक्त दिसली. परंतु आजच्या यमुनेची साक्ष काढण्यात अर्थ नाही. वर हथनीकुंडाच्या बंधाऱ्यापाशी तिचे पाणी कालव्यांत वळवले जाते. काठावर उभा असताना मला जाणवली ती निराळी गोष्ट: सपाटी. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला त्या प्रदेशात नजर टेकवायला काही सापडत नाही. आपल्याकडे गडाच्या बुरुजावरून दोन-तीन खोऱ्यांचे दळणवळण दिसते. तेथे उंचवटा नाही, म्हणून दूरचे पाहायचे तर घोडेस्वार दूर पाठवावेच लागतात. डोंगर जे फुकट देतो, ते मैदानात घोड्यांच्या पायांनी विकत घ्यावे लागते. आणि घोड्याला दाणा लागतो, हे पुढच्या अडीच महिन्यांचे सार आहे.

१३/
नोव्हेंबरच्या आरंभापासून दोन्ही फौजा पानिपतापाशी समोरासमोर तळ देऊन बसल्या. येथून पुढची कथा सांगण्यास एक विलक्षण साक्षीदार आहे: काशीराज पंडित. हा दक्षिणी ब्राह्मण शुजाउद्दौलाच्या पदरी होता, म्हणजे मुक्काम शत्रूच्या छावणीत. लढाईनंतर काही वर्षांनी त्याने फारसीत हकिकत लिहिली आणि जेम्स ब्राउनने ती इंग्रजीत आणली. काशीराज सांगतो की अब्दालीने आपल्या तळाच्या पुढे एक लहानसा लाल तंबू ठोकला होता. तो दररोज घोड्यावर बसून चौक्यांची आणि मराठ्यांच्या तळाची स्वतः पाहणी करी. रात्री सुमारे ५,००० स्वार मराठी छावणीच्या शक्य तितके जवळ नेऊन सज्ज उभे केले जात, आणि इतर तुकड्या रात्रभर फिरत्या राहत.

१४/
या फिरत्या स्वारांचे काम दुहेरी होते आणि येथे गुप्तवार्तेचे दुसरे अंग दिसते. पहिले अंग स्वतः पाहण्याचे. दुसरे, समोरच्याला पाहू न देण्याचे. मराठी तळाभोवती स्वारांचे कडे जसजसे आवळत गेले, तसतसे दाणावैरण आत येणे कमी झाले. पण त्याच वाटांनी जासूदही येत-जात असत. धान्य आणि बातमी यांची वाट एकच असते. वेढ्याच्या वर्णनांत आपण उपासमार वाचतो; तिच्या जोडीला बातमीचाही उपवास चालू होता, याकडे आपले लक्ष जात नाही. पोटाची भूक माणसाला कळते तरी. माहितीची भूक कळत नाही, कारण जे कानावर आलेच नाही त्याची उणीव भासणार कशी?

१५/
या आंधळेपणाचे एक उदाहरण मी कधी विसरू शकत नाही. जानेवारी १७६१च्या आरंभी दिल्लीहून भाऊंसाठी द्रव्य घेऊन स्वारांची एक तुकडी निघाली. थंडीचे दिवस, रात्रीचा प्रवास. तळाजवळ आल्यावर ते वाट चुकले आणि आपलीच छावणी समजून थेट दुराण्यांच्या छावणीत शिरले. आपसांत मराठीत बोलू लागताच ते ओळखले गेले आणि कापले गेले. ज्या भाषेत घरी पोहोचल्याचा आनंद व्यक्त व्हायचा, त्याच भाषेने घात केला. हे सैनिक शूर नव्हते काय? होते. त्यांना एक वाटाड्या आणि समोरून येऊन भेटणारा एक स्वार हवा होता. तसा स्वार बाहेर पाठवण्याइतके बळ आता तळात उरले नव्हते.

१६/
गोविंदपंत बुंदेल्यांची कथा याच सूत्रात बसते. दुआबातील वसुली त्यांच्याकडे होती. भाऊंनी त्यांना लिहिलेल्या पत्रांत नावा जमवा, पैसा पाठवा, अब्दालीच्या पाठीवर जाऊन त्याची रसद तोडा, असे तगादे आहेत. म्हणजे एकाच माणसाने कमाविसदार, पुरवठादार, टेहळ्या आणि छापेमार सेनानी व्हावे, अशी अपेक्षा. गोविंदपंत वयस्क होते, वसुलीच्या कामात मुरलेले होते. डिसेंबर १७६०मध्ये वेगाने चालून आलेल्या अफगाण घोडदळाने त्यांना बेसावध गाठले आणि ते मारले गेले. त्यांच्याबरोबर शत्रूच्या पाठीमागे असलेला मराठ्यांचा मोठा डोळा मिटला. ज्याच्याकडून बातमी यावी अशी अपेक्षा होती, त्याला स्वतःवर येणाऱ्या संकटाचीही बातमी नव्हती.

१७/
आता दक्षिणेकडे पाहू. डिसेंबरच्या अखेरीस नानासाहेबांनी पैठणजवळ विवाह केला. भाऊ उपाशी असताना पेशवे बोहल्यावर उभे राहिले, हा आरोप पिढ्यानपिढ्या केला जातो. त्यांचा बचाव करणे हा माझा हेतू नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने आरोपाच्या आधी एक प्रश्न विचारला पाहिजे: त्या दिवशी त्यांच्या हाती पानिपताकडील शेवटचे पत्र कोणत्या तारखेचे होते? आपल्याला शेवट ठाऊक आहे. त्यांच्यापुढे फक्त पत्रांची एक विरत चाललेली साखळी होती. पत्रे न येणे हीच मोठी बातमी, असे आपण आज म्हणू शकतो. मौनाचा अर्थ लावणे ही चक्राची चौथी पायरी, आणि ती चढणे भल्याभल्यांना साधलेले नाही.

१८/
१४ जानेवारीची पहाट. काशीराज सांगतो, रात्री तीनच्या पुढे भाऊंचा तहाविषयीचा अखेरचा निरोप त्याच्याकडे आला. तो शुजाला ऐकवत असतानाच हेरांनी खबर आणली की मराठे लढाईसाठी बाहेर पडत आहेत. शुजा तत्काळ अब्दालीच्या तंबूकडे गेला. अब्दालीने खबर ऐकली, दारात कायम सज्ज असणाऱ्या घोड्यावर तो होता त्या कपड्यांत बसला आणि फौजेला तयारीचा हुकूम देत पुढे निघाला. खबर कोणी आणली, हे त्याने विचारले. काशीराजाला बोलावून त्याच्याकडून खात्री करून घेतली. वाटेत लूट घेऊन परतणारे काही दुराणी स्वार भेटले. त्यांनी नेमके उलटे सांगितले: मराठे तळ सोडून पळाले आहेत.

१९/
हा क्षण मला साऱ्या मोहिमेतील सर्वांत शिकवणारा वाटतो. दोन खबरा समोर आहेत आणि त्या परस्परविरुद्ध आहेत. दुसरी खबर अधिक गोड आहे, शिवाय ती आपल्याच जातभाईंनी, जागेवरून येऊन सांगितलेली आहे. पहिली एका परक्या हिंदू कारकुनाच्या हेरांची आहे. अब्दाली काशीराजाला विचारतो, यावर तुझे म्हणणे काय? तो उत्तरतो, थोड्याच वेळात खरे-खोटे कळेल. इतक्यात मराठ्यांच्या तोफांचा एकच गडगडाट होतो. अब्दाली ओढत असलेला हुक्का सेवकाच्या हाती देतो आणि शुजाला शांतपणे म्हणतो की तुझ्या माणसाची बातमी खरी होती. तोफा वाजेपर्यंत त्याने गोड खबरेवर विश्वास टाकला नाही आणि तयारीचा हुकूमही मागे घेतला नाही.

२०/
कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगून ठेवले आहे की हेरांना एकमेकांची ओळख असू नये, आणि तिघांचे सांगणे जुळले की मगच ते विश्वसनीय मानावे. त्या पहाटे तिसरी साक्ष तोफांनी दिली. परंतु तिसऱ्या साक्षीपर्यंत थांबायला वेळ नसतो, तेव्हा काय करायचे? जी बातमी खोटी ठरली तर थोडेच नुकसान, पण खरी असून दुर्लक्षिली तर सर्वनाश, त्या बातमीवर तयारी आधी करायची आणि पारख नंतर. मराठे पळाले असते, तर फौज विनाकारण जागी झाली असती, इतकेच. छाननी म्हणजे निव्वळ संशय घेणे नव्हे. चुकीची किंमत दोन्ही बाजूंनी तोलणे होय.

२१/
एक खुलासा आवश्यक आहे. पानिपत केवळ बातमीअभावी गेले, असा दावा मी करत नाही. उपासमार, खचलेली घोडी, हजारो यात्रेकरू आणि कुटुंबकबिल्याचे ओझे, उत्तरेत मित्रांची वाण, अब्दालीच्या हाती राहिलेली राखीव फौज, ही कारणे आपणांस ठाऊक आहेत. गारद्यांच्या तोफांनी त्या दिवशी दुपारपर्यंत शत्रूची दाणादाण उडवली होती, हेही खरे. माझे म्हणणे एवढेच की यांतील कित्येक कारणांच्या मुळाशी एक गोष्ट आढळते: २५ ऑक्टोबरनंतर एका पक्षाच्या वाटा उघड्या राहिल्या आणि दुसऱ्याच्या बंद होत गेल्या. ज्याच्या वाटा उघड्या असतात, त्याला लढाईची वेळ निवडता येते. भाऊंना ती भुकेने निवडून दिली.

२२/
आता पुन्हा त्या पेढीच्या कासिदाकडे वळू. सावकाराचे पत्र वेगाने का गेले? कारण सावकारासाठी बातमी हाच माल होता. कोणती हुंडी वटेल, कोणती बुडेल, हे फौजांच्या हालचालींवर अवलंबून असे. त्यामुळे त्यांची साखळी शहरोशहरी होती आणि ती कोणत्याही झेंड्याशी बांधलेली नव्हती. शत्रूच्या स्वारांनी सरकारी जासूद अडवले, तरी व्यापाराची वाट पूर्ण बंद होत नाही. शिवाय पत्र सांकेतिक. अनोळखी डोळ्यांना तो निव्वळ नफा-तोट्याचा कागद. वेग, अनेक वाटा आणि गुप्तलिपी, या तिन्ही गोष्टी त्या एका कागदात होत्या. पेशव्यांच्या दप्तराकडे त्याहून कितीतरी अधिक माणसे होती, पण पानिपताकडून येणारी वाट एकच उरली होती, आणि ती तुटली.

२३/
आज उपग्रह आहेत, मानवरहित विमाने आहेत. मग हे सारे जुने झाले, असे कोणास वाटेल. १९९९च्या मे महिन्याच्या आरंभी कारगिलच्या उंचीवरील घुसखोरीची पहिली वर्दी लष्कराला मिळाली ती स्थानिक मेंढपाळांकडून. पुढे के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आढावा घेतला, तेव्हा निरनिराळ्या यंत्रणांतील माहिती एकत्र येऊन तिचा अर्थ लागण्याची व्यवस्था अपुरी असल्याचे पुढे आले. त्यानंतर २००२मध्ये संरक्षण गुप्तवार्ता संस्था उभी राहिली. हिवाळ्यात त्या शिखरांवर कोणी राहू शकत नाही, हा समज आणि पावसाळ्यात यमुना ओलांडता येत नाही, हा समज, यांचे नाते मी वेगळे सांगायला नको. साधने बदलली, पायऱ्या त्याच राहिल्या.

२४/
नानासाहेब त्या पत्रानंतर फार काळ जगले नाहीत. २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचे निधन झाले. मुलगा गेल्याचे दुःख कोणत्याही वाटेने आले असते तरी तेवढेच राहिले असते. पण राज्यकर्ता म्हणून त्यांना जे हवे होते, ते म्हणजे तीन महिने आधीची, ऑक्टोबरातील, ताजी बातमी. ती मिळाली असती तर कुमक केव्हा निघाली असती, याचे उत्तर इतिहास देत नाही. इतिहास एवढेच दाखवतो की ज्या नऊ-दहा दिवसांत पेशवे पुढे पुढे सरकत होते, त्या दिवसांत ते ज्यांच्या मदतीला चालले होते, ते हयातच नव्हते. एका फौजेची कूच केवळ अज्ञानावर चालू होती.

२५/
मित्रहो, आपण ऐतिहासिक पत्रे वाचू लागाल, तेव्हा एक सवय लावून घ्या. वहीत दोन रकाने आखा. पहिल्यात पत्र लिहिल्याची तारीख, दुसऱ्यात ते पोहोचल्याची. मग त्या दोहोंमध्ये प्रत्यक्षात काय घडून गेले, ते तिसऱ्या रकान्यात लिहा. तिसरा रकाना भरू लागला की ज्यांना आपण मूर्ख, भित्रे किंवा बेफिकीर म्हणत आलो, त्यांपैकी अनेकांविषयी आपला सूर आपोआप खाली येतो. आणि ज्यांनी अपुऱ्या, शिळ्या, उलटसुलट बातम्यांतून योग्य निर्णय घेतले, त्यांच्याविषयीचा आदर दुणावतो. पुढील धाग्यात याच रीतीने बुराडी घाटापूर्वीचा एक महिना पाहू. तोवर वही आखून ठेवा.